बोगनवेलीला ज्याचं नाव मिळालं, तो बूगनव्हिल कोण होता?

साताऱ्याहून कराडकडे निघालं की बंगल्यांच्या कुंपणांवर, शाळांच्या कमानींवर, पेट्रोल पंपांच्या कडेला ती दिसत राहते. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळा किंवा आत तासगाव, विटा, आटपाडीच्या बाजूला जा, ती तिथेही असतेच. गुलाबी, जांभळी, केशरी, पांढरी. उन्हाळ्यात डोंगर पिवळे पडतात, विहिरी तळाला जातात, आणि ही मात्र ऐन भरात असते. आपण तिला बोगनवेल म्हणतो.

नावात वेल आहे, म्हणून ते आपल्याच मातीतलं वाटतं. रानवेल, नागवेल, तशी बोगनवेल. प्रत्यक्षात ते एका फ्रेंच माणसाचं आडनाव आहे: बूगनव्हिल. फ्रेंचमध्ये त्यातल्या ‘व्हिल’चा अर्थ नगर असा होतो. मराठी जिभेनं त्या नगराचा वेल केला, आणि तो इतका चपखल बसला की मूळ माणूस आपण विसरूनच गेलो.

हा माणूस गणिती होता, सैनिक होता, नंतर दर्यावर्दी झाला. पण ज्या झाडानं त्याचं नाव जगभर नेलं, ते त्यानं शोधलेलं नव्हतं. ते कुणी शोधलं, हा प्रश्न त्याच्या आयुष्याइतकाच महत्त्वाचा आहे.

गणितापासून सुरुवात

लुई आंत्वान द बूगनव्हिलचा जन्म 1729 च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये झाला. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते आणि पेशवाईची वस्त्रं थोरल्या बाजीरावांकडे होती.

वडील नोटरी होते. मुलानं कायद्याच्या वाटेनं जावं असं घरात वाटत होतं, पण त्याचा ओढा गणिताकडे होता. पंचविशीतच त्यानं इंटिग्रल कॅल्क्युलस, म्हणजे कलनशास्त्राच्या एका शाखेवर ग्रंथ लिहिला. फ्रेंच वकिलातीचा चिटणीस म्हणून तो काही काळ लंडनमध्ये होता. 1756 मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं.

त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये सात वर्षांचं युद्ध पेटलं. ज्या देशानं नुकताच मान दिला होता, त्याच देशाविरुद्ध लढायला बूगनव्हिल कॅनडात दाखल झाला. तिथल्या फ्रेंच फौजेचा सेनापती मोंकाल्म याचा तो सहायक होता.

उशिरा पोचलेली कुमक

कॅनडातली फ्रेंच वसाहत तेव्हा चहूबाजूंनी अडचणीत होती. माणसं कमी, धान्य कमी, दारूगोळा कमी. 1758 च्या अखेरीस मदत मागायला बूगनव्हिलला फ्रान्सला पाठवण्यात आलं. दरबाराला युरोपातल्या लढायांची काळजी जास्त होती. थोडीफार रसद घेऊन, जवळपास रिकाम्या हातानं तो परतला.

13 सप्टेंबर 1759 ला पहाटे इंग्रज सैन्य नदीकाठचा कडा चढून क्वेबेक शहराबाहेरच्या पठारावर उभं राहिलं. बूगनव्हिल निवडक सैनिकांची तुकडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला पहाऱ्यावर होता. निरोप मिळून तो पोचला, तेव्हा लढाई संपली होती. मोंकाल्म प्राणघातक जखमी झाला होता आणि फ्रेंच फौज मागे हटली होती.

तो वेळेवर पोचला असता तर काय झालं असतं, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पुढच्या सप्टेंबरात माँट्रियल पडलं आणि कॅनडा फ्रान्सच्या हातून गेला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी 1761 मध्ये, पानिपत झालं.

उभारलेली वसाहत, परत दिलेली वसाहत

युद्ध संपल्यावर बूगनव्हिलनं नौदलात जागा मिळवली. फ्रान्सनं गमावलेलं कुठेतरी भरून काढावं, या इराद्यानं त्यानं दक्षिण अटलांटिकमधल्या ओसाड बेटांवर वसाहत उभारली. बराचसा खर्च त्याच्या घरच्यांनी उचलला. कॅनडाच्या पूर्वेकडच्या अकेडिया भागातून इंग्रजांनी हुसकावून लावलेली काही फ्रेंच कुटुंबं त्यानं तिथे नेली.

हीच आजची फॉकलंड बेटं. सेंट मालो बंदरातून निघालेल्या लोकांनी वसवली म्हणून फ्रेंचांनी त्यांना मालुईन म्हटलं, आणि त्यावरूनच माल्विनास हे स्पॅनिश नाव आलं.

स्पेननं या बेटांवर हक्क सांगितला. स्पेन मित्रदेश असल्यामुळे फ्रान्सच्या राजानं वाद वाढवला नाही. जी वसाहत बूगनव्हिलनं उभी केली, तीच स्वतःच्या हातानं सोपवून देण्याची पाळी 1767 च्या एप्रिलमध्ये त्याच्यावर आली. खर्चाची भरपाई मिळाली. शिवाय तिथून परत न फिरता तसंच पुढे जाऊन पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची परवानगीही त्याच्याकडे होती. त्या आधी कुठल्याही फ्रेंच सरकारी मोहिमेनं ती केली नव्हती.

रिओमधलं झाड

मोहिमेत दोन जहाजं होती. बूगनव्हिलचं बूद्यूज आणि मागून सामान घेऊन आलेलं एत्वाल. दोघांची गाठ 1767 च्या जूनमध्ये ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो बंदरात पडली.

एत्वालवर फिलिबेर कोमर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. अशा मोहिमेवर राजाच्या खर्चानं निसर्ग अभ्यासक पाठवणं ही तेव्हा नवी गोष्ट होती. कोमर्सों हुशार आणि झपाटलेला माणूस होता, पण पायाच्या चिघळलेल्या जखमेनं त्याला नीट चालता येत नव्हतं. झाडं गोळा करायला, कागदांत दाबून वाळवायला, पेट्या उचलायला त्याच्यासोबत एक नोकर होता. डोंगर चढण्यात आणि ओझं वाहण्यात हा नोकर इतका कणखर होता की जहाजावर त्याचं कौतुक होई.

रिओ परिसरात कोमर्सोंच्या संग्रहात एक काटेरी, चढणारं झुडूप आलं. त्याची झगझगीत पाकळ्यांसारखी दिसणारी पानं पाहून कोमर्सोंनं त्याला आपल्या कप्तानाचं नाव दिलं. आश्रयदात्याला खूश करण्याची ती रूढ पद्धत होती, आणि दोघांमध्ये स्नेहही होता.

आता तो नोकर. ती एक बाई होती.

जान बारे

तिचं नाव जान बारे. 1740 मध्ये बर्गंडी प्रांतातल्या एका गरीब शेतमजुराच्या घरी तिचा जन्म झाला. ती कोमर्सोंच्या घरी काम करायची, त्याची जोडीदारही होती, आणि झाडांची तिला चांगली जाण होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर बायकांना बंदी होती. म्हणून पुरुषाचा वेष करून, पुरुषाचं नाव घेऊन ती एत्वालवर चढली.

कोमर्सोंचा पाय दुखावलेला असताना रिओच्या आसपास हिंडून झाडं आणण्याचं बरंच काम तिच्यावर पडलं असणार. त्यामुळे बोगनवेलीची ती पहिली फांदी तिनंच तोडून आणली असावी, असं आज अनेक अभ्यासकांना वाटतं. तसा लेखी पुरावा नाही. नोकरानं काय आणलं याची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती.

बूगनव्हिलच्या प्रवासवर्णनानुसार तिचं गुपित ताहिती बेटावर उघड झालं. तिथल्या लोकांनी तिला पाहताक्षणी बाई म्हणून ओळखलं. जहाजावरच्या इतरांच्या रोजनिशींत मात्र वेगळ्या जागा आणि वेगळे, काही तर क्रूर, तपशील येतात. बूगनव्हिलनं तिला शिक्षा केली नाही. आपल्या पुस्तकात त्यानं तिच्या धैर्याविषयी आणि वागणुकीविषयी चांगलंच लिहिलं. 1768 च्या अखेरीस जहाजं मॉरिशसला लागली. ते बेट तेव्हा फ्रेंचांकडे होतं. कोमर्सों आणि बारे तिथेच उतरले.

ताहिती आणि आहुतोरू

त्याआधी जहाजांनी मॅगेलनची सामुद्रधुनी 52 दिवसांत पार केली होती आणि 1768 च्या एप्रिलमध्ये ती ताहितीला थांबली होती. मुक्काम जेमतेम दहा दिवसांचा, पण त्या बेटाचं बूगनव्हिलनं केलेलं वर्णन युरोपभर गाजलं. निसर्गाच्या कुशीत सुखानं राहणारी माणसं, अशी एक कल्पना त्यातून पसरली. दिदरोसारख्या विचारवंतानं त्या वर्णनाचा आधार घेऊन युरोपातल्या नीतिनियमांची झडती घेणारं पुस्तक लिहिलं.

आहुतोरू नावाचा एक ताहितीवासी स्वतःहून जहाजावर आला आणि पॅरिसपर्यंत गेला. तिथे तो सुमारे अकरा महिने राहिला, ऑपेरात रमला, राजाला भेटला. त्याला घरी पोचवण्याचा शब्द बूगनव्हिलनं दिला होता. त्यासाठी त्यानं स्वतःच्या मालमत्तेचा मोठा हिस्सा खर्च केला. पण 1771 मध्ये परतीच्या वाटेवर, मादागास्करजवळ, आहुतोरू देवीच्या रोगानं गेला. शब्द पाळायचा प्रयत्न प्रामाणिक होता, तरी माणूस घरी पोचला नाही.

ताहितीनंतरचा टप्पा मोहिमेसाठी सर्वांत कठीण ठरला. पश्चिमेकडे जाताना ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रवाळखडकांवर फुटणाऱ्या लाटा दिसल्या आणि बूगनव्हिलनं जहाजं वळवली. त्यामुळे तो किनारा त्याला दिसलाच नाही. अन्न संपत आलं. खलाशांनी कातडं शिजवून खाल्लं, जहाजावरची दुभती शेळीही मारावी लागली. स्कर्व्ही पसरला.

तरीही 16 मार्च 1769 रोजी बूद्यूज सेंट मालोला पोचलं, तेव्हा त्या जहाजावरची फक्त सात माणसं दगावली होती. त्या काळच्या लांबच्या सफरींत अर्धेअधिक खलाशी मरणं नवलाचं नव्हतं. बूगनव्हिलच्या कर्तबगारीचं हे बहुधा सर्वांत मोठं माप आहे.

वेलीचं बारसं

कोमर्सों मॉरिशसमध्येच 1773 साली वारला. त्याच्या वाळवलेल्या झाडांच्या पेट्या आणि टिपणं पॅरिसला गेली. त्यांतून नाव उचलून आंत्वान लॉराँ द ज्यूसियू या शास्त्रज्ञानं ते 1789 मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, आपल्या ग्रंथात छापलं. त्यात आडनावाचं स्पेलिंग बदललेलं होतं. आज वापरात असलेलं रूप रूढ व्हायला विसावं शतक उजाडलं.

जान बारेनं मॉरिशसमध्ये एका फ्रेंच माणसाशी लग्न केलं आणि त्याच्यासोबत ती मायदेशी परतली. त्या दिवशी तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. असा प्रवास केल्याची नोंद असलेली ती पहिली स्त्री. 1785 मध्ये फ्रेंच आरमारानं तिला पेन्शन मंजूर केलं. ज्या आरमाराच्या नियमाप्रमाणे ती जहाजावर असायलाच नको होती, त्याच आरमारानं. 1807 मध्ये ती वारली.

तुरुंग, मग सन्मान

बूगनव्हिल पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच आरमारातून लढला. 1781 मधली चेसापीकची लढाई फ्रान्सनं जिंकली, तिच्यात त्याची कामगिरी चांगली झाली. 1782 च्या एप्रिलमध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट्सच्या लढाईत फ्रेंच हरले. पुढे चौकशी झाली आणि बूगनव्हिलला ठपका सोसावा लागला. सेंट्सनंतर महिन्याभरानं इकडे मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला.

1781 मध्ये त्यानं फ्लोर जोसेफ हिच्याशी लग्न केलं. त्यांना चार मुलगे झाले. त्यांतला एक लहान वयात बुडून गेला. थोरला इयासँत वडिलांच्या वाटेनं गेला. 1824 ते 1826 या काळात त्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि त्या प्रवासात पुदुच्चेरीलाही थांबला.

क्रांतीच्या रक्तरंजित पर्वात, 1794 मध्ये, राजनिष्ठेच्या संशयावरून बूगनव्हिलला कैदेत टाकण्यात आलं. रोबेस्पिएरचा पाडाव झाला म्हणून त्याचं डोकं वाचलं. नेपोलियननं पुढे त्याला सिनेटर केलं, काउंट केलं. 31 ऑगस्ट 1811 रोजी तो पॅरिसमध्ये वारला आणि पाँतेआँमध्ये, राष्ट्राच्या थोरांच्या रांगेत, त्याचं दफन झालं. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते.

पाणी तोडलं की फुलते

बोगनवेल भारतात 1860 च्या सुमारास कलकत्त्यात आली, असं मानलं जातं. नंतर इथल्या बागांनी तिच्या कितीतरी नव्या जाती घडवल्या. गव्हाच्या संशोधनासाठी नावाजलेले डॉ. बी. पी. पाल बोगनवेलीचेही मोठे जाणकार होते.

आपण जिला फूल म्हणतो, ते तिचं फूल नसतं. रंगीत कागदासारखी दिसतात ती तीन पानंच, फुलाभोवतीची. खरी फुलं मधे असतात, बारीक नळीसारखी, बहुधा पांढरट. रंगीत पानं पाकळ्यांपेक्षा जास्त दिवस टिकतात, म्हणून बहर आठवडेच्या आठवडे राहतो.

सातारा आणि सांगली हे जिल्हे या झाडाचा स्वभाव समजून घ्यायला उत्तम. 1949 मध्ये जुन्या साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, त्यालाच 1960 मध्ये सांगली हे नाव मिळालं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर असलेल्या आटपाडीत पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावर पावसाळाभर बोगनवेल नुसती पानं काढते. आटपाडी, जत, खानापूरच्या माळावर मात्र ती रंगानं पेटते.

यामागचं कारण इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. बोगनवेलीचंही तसंच आहे. भरपूर पाणी आणि नत्र मिळालं की ती फांद्या आणि पानं वाढवते. पाणी कमी झालं की ती फुलाकडे वळते. म्हणून कुंडीतल्या बोगनवेलीला रोज पाणी घालणाऱ्यांची तक्रार असते की झाड हिरवंगार आहे, पण फूल येत नाही. माती वाळू द्या, पानं किंचित मलूल झाली की मगच भरपूर पाणी द्या. युरियाचा हात आखडता ठेवा.

छाटणीचं गणित तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ओळखीचं वाटेल. द्राक्षासारखीच बोगनवेलही नव्या फुटीवर फुलते. बहर ओसरला की लांब फांद्या छाटा, म्हणजे नवी फूट येते आणि तिच्या टोकांना रंग चढतो. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन हवंच. सावलीत ठेवलेलं झाड फक्त जिवंत राहतं.

कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीत लावत असाल तर खड्ड्यात मुरूम किंवा वाळू मिसळा, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात. मुरमाड माळावर ही काळजी लागत नाही. रोप पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, अर्धवट पक्क्या फांदीपासून करा. मुळं नाजूक असतात, म्हणून पिशवीतून काढताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका. आणि खऱ्या वेलीसारखी ती स्वतःला गुंडाळून घेत नाही, काट्यांच्या आधारानं रेलत वर जाते. तेव्हा कमानीवर चढवायची तर बांधून द्यावी लागते.

बागेतल्या बऱ्याच जातींना सहसा बी धरत नाही, त्यामुळे त्या फांदीनंच पसरल्या. कुणीतरी तोडून दिली, कुणीतरी लावली, शेजाऱ्यानं मागून नेली. या साखळीतल्या कुणाचंही नाव कुठे लिहिलेलं नसतं.

जान बारेच्या बाबतीत ही चूक थोडी दुरुस्त झाली. कोमर्सोंनं तिच्या नावानंही एक वनस्पती ठेवायचं योजलं होतं, पण ते नाव टिकलं नाही. अखेर 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका नव्या वनस्पतीला तिचं नाव दिलं: सोलॅनम बारेटिए. ती वांगी-बटाट्याच्या कुळातली आहे, आणि तीही चढणारी वेल आहे.